वाटीतलं तेल

सांगली,
१४ डिसेंबर २०२५

चि. सोनूस,


तुझा निरोप आईकडून कळला. पिंटूची पिसं निस्तेज दिसतात, मधूनमधून शिंकतो, तेव्हा मामाने घाण्यावरचं एखादं चांगलं पौष्टिक तेल पाठवावं. कोणतं ते त्यानेच ठरवावं. सोने, चाळीस वर्षं तेल विकलं. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला 'घेऊ नका' असं कधी म्हटलं नाही. आज सख्ख्या भाचीला म्हणतोय. तेल पाठवत नाही.

तू फोटो पाठवलास तो पिंटूचा, पण माझी नजर गेली त्याच्या वाटीकडे. सूर्यफुलाच्या बिया काठोकाठ, त्यात मूठभर करडई, वर दोन बदाम आणि सोललेले शेंगदाणे. अगं, ही पोपटाची वाटी आहे की माझ्या घाण्यात टाकायचा माल? सूर्यफुलाच्या मगजात वजनाच्या निम्मं तेल असतं. शेंगदाण्यातही जवळपास तेवढंच. बदामाचंही तेच. म्हणजे तुझा पक्षी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेलच खातोय, आणि त्याला तेल कमी पडतं असं तुला वाटतंय.

त्याला कमी पडतंय ते वेगळंच. बियांमध्ये अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच आणि कॅल्शियम अगदी थोडं. अ जीवनसत्त्व कमी पडलं की नाक, घसा, तोंड यांच्या आतलं नाजूक, ओलसर अस्तर कोरडं आणि जाड होत जातं. मग शिंका, नाकाशी खपली, तोंडात पांढरे चट्टे, आणि त्यातून जंतूंना मोकळी वाट. पिसांचा रंग हे नंतरचं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. तू अगदी लहान होतीस, तेव्हा आपल्याकडे राजा होता, आठवतो का? परदेशी निघालेल्या एका गिऱ्हाइकाने पिंजऱ्यासकट माझ्या हवाली केलेला. तोही पिंटूसारखाच आफ्रिकन ग्रे. मी तेलाचा व्यापारी, माझ्याकडे बियांना काय तोटा! पोतं फोडलं की पहिली ओंजळ राजाची. चांगली नऊ वर्षं माझ्या मायेने तो सूर्यफूल खात होता. शिंकायला लागला तेव्हा 'घाण्याची धूळ असेल' म्हणून मी पिंजरा आतल्या खोलीत नेला. आवाज बसला तेव्हा पुण्याला पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी राजाला टॉवेलात गुंडाळलं, चोच उघडली, बारीक बॅटरीचा उजेड टाकला आणि मला म्हणाले, बघा. टाळूवर मधोमध एक चीर असते; तिच्या कडेला कंगव्याच्या दातांसारखे बारीक बारीक काटे असायला हवेत. राजाचे काटे झिजून सपाट झाले होते आणि जिभेच्या बाजूला दह्याच्या कवडीसारखा पांढरा गोळा. त्यांनी विचारलं, "खायला काय घालता?" मी अभिमानाने सांगितलं. ते काही बोलले नाहीत. राजा दोन आठवड्यांनी गेला.

म्हणून तुला आधी सांगतो. पिंटू शिंकतोय तर तेलाआधी डॉक्टर. कुत्र्या-मांजरांचे नव्हेत, पक्षी बघणारे. पुण्यात ते मिळतात, सांगलीत मला मिळाले नव्हते.

आता तेलाकडे वळतो, कारण पोपटांना द्यावं म्हणतात ते लाल पामतेल अगदीच थोतांड नाही. आफ्रिकन ग्रे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या जंगलातला पक्षी, आणि तेल देणारा पाम हे झाडही मूळचं तिथलंच. त्या झाडाची फळं रानातले ग्रे आवडीने खातात. फळाचा गर भगवा-लाल असतो, आणि तो नुसता शिजवून पिळला की निघणारं तेलही कुंकू कालवल्यासारखं लाल दिसतं. तो रंग कॅरोटीनचा; गाजराचा असतो तोच. किलोभर कच्च्या पामतेलात साधारण ५०० ते ७०० मिलिग्रॅम कॅरोटीन असतं, शिवाय ई जीवनसत्त्व. पक्ष्याचं शरीर त्यातून हवं तेवढंच अ जीवनसत्त्व बनवून घेतं, उरलेलं तसंच सोडतं. कॉड माशाच्या यकृताचं तेल देऊ नको म्हणतो ते यासाठीच. त्यात अ आणि ड तयार स्थितीत असतात, जास्त झाले की अंगात साठतात आणि विष होतात. जुने पक्षीवाले बिया त्या तेलात भिजवून घालायचे. तेल खवट व्हायचं आणि पक्ष्याच्या अंगातलं ई जीवनसत्त्वही संपवायचं.

पण लाल पामतेल म्हणजे रेशनचं पामतेल नव्हे, हे नीट ध्यानात ठेव. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत आनंदाचा शिधा मिळाला होता, रवा, साखर, चणाडाळ आणि लिटरभर पामतेल, त्यातलं तेल फिक्कट पिवळं होतं ना? कारखान्यात शुद्ध करताना रंग काढून टाकतात, आणि रंगाबरोबर कॅरोटीनही जातं. उरते नुसती चरबी. माणसाला भजी तळायला ठीक, पिंटूच्या काही कामाचं नाही. पामच्या बीचं तेलही निराळं, पांढरट, खोबरेलाच्या जातीचं. बाटलीवर 'व्हर्जिन' किंवा 'अनरिफाइन्ड रेड पाम ऑइल' असं स्पष्ट असेल आणि आतला रंग गडद असेल तरच घे. थंडीत ते गोठून तुपासारखं दाणेदार होतं. त्याने ते बिघडलं असं समजू नकोस. वास मात्र घेत जा. ताज्याला गाजर-टोमॅटोसारखा, किंचित मातकट वास येतो. खवटपणा कसा असतो ते तुला घाण्यावर खेळलेल्या मुलीला मी काय सांगू? तसा वास आला की बाटली बेसिनमध्ये रिकामी कर, किमतीकडे बघू नकोस. छोटीच बाटली आण, फ्रिजमध्ये ठेव, उघडल्याची तारीख लिहून ठेव.

प्रमाण. इथेच सगळे चुकतात. पिंटूचं वजन साधारण साडेचारशे ग्रॅम धरू. एक चहाचा चमचा तेल म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे त्याच्या वजनाचा शंभरावा हिस्सा. तू साठ किलोची. तुझ्या वजनाचा शंभरावा हिस्सा म्हणजे सहाशे ग्रॅम. एवढं तेल तू एका सकाळी पिशील? पामतेलात जवळजवळ निम्मी चरबी लोण्याच्या जातीची असते, आणि पिंजऱ्यातल्या ग्रेंच्या रक्तवाहिन्या माणसांसारख्याच कडक होतात; उडणं नाही, खाणं भरपूर. मी माझ्या आताच्या पोपटाला, बंडूला, वाटाण्याएवढा थेंब देतो, तोही आठवड्यातून दोनदा. तुझं प्रमाण तुझ्या डॉक्टरांनी वजन आणि यकृताची तपासणी बघून ठरवावं; माझं उचलू नकोस. आणि पिंटू जर आधीच चांगल्या तयार खाद्यगोळ्यांवर असता, तर मी त्याला एक थेंबही दे म्हटलं नसतं.

द्यायचं कसं? चोचीत ड्रॉपरने किंवा सिरिंजने कधीही नाही. तेल श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसात उतरतं आणि पक्षी गुदमरतो. पिसांवर चोळायचंही नाही. तेल लागलेलं पीस पाणीही अडवत नाही आणि ऊबही धरत नाही. मी काय करतो ते सांगतो. लाल भोपळ्याची फोड वाफवून कुस्करतो, त्यात बारीक चिरलेला शेवग्याचा पाला, आणि तेलाचा तो थेंब बोटाने कालवतो. मीठ नाही, तिखटमसाला नाही. कॅरोटीन चरबीत विरघळतं; भाजीबरोबर थोडं तेल असलं की भाजीतलंही अंगी लागतं. तेलाचं खरं काम एवढंच, भाजीला सोबत करणं. बंडू आधी वाटीला प्रदक्षिणा घालतो, मग एका पायात गोळा धरून डोळे मिटत खातो, आणि खाऊन झालं की चोच काठीवर दोन्ही बाजूंनी पुसतो, न्हाव्याने वस्तरा पट्ट्यावर फिरवावा तशी. काठी नारिंगी होते. काठी रोज पूस. एकदा त्याने मामीच्या पांढऱ्या पडद्याला चोच पुसली. तो डाग अजून आहे आणि तो विषयही. उरलेलं अन्न दोन तासांत काढून टाक, उन्हाळ्यात त्याहून आधी.

लाल मिरचीही दे. पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवत नाही, आपल्या जिभेला लागतो तो पदार्थ त्यांच्या नसांना कळतच नाही. आजी पोपटाला मिरची घालायची तेव्हा आपल्याला गंमत वाटायची. ती नकळत कॅरोटीन घालत होती. गाजर दे, पपई दे. रताळं दे, पण आतून नारिंगी असलेलं. आपल्याकडचं उपवासाचं पांढरं रताळं या कामाला उपयोगाचं नाही. ॲव्होकॅडो अजिबात नको, त्यात पक्ष्यांना विषारी असा पदार्थ असतो. चॉकलेट, कांदा, चहा-कॉफीही नको. शेंगदाणे बंद कर. दमट हवेत त्यांना बुरशी धरते आणि त्या बुरशीचं विष यकृत खातं. १९६० मध्ये इंग्लंडात ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने लाखभर टर्की कोंबड्या मेल्या, तेव्हा हे विष जगाला कळलं. आमच्या धंद्यातली ही गोष्ट सांगायला मलाच लाज वाटते, पण खरी आहे. आणि स्वयंपाकघरात नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवू नकोस. त्याच्या धुराने पोपट काही मिनिटांत मरतो.

घाण्याचंच काही हवं असेल तर जवसाचं तेल तेवढं विचार करण्यासारखं. त्यात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ असतं, जे सूर्यफुलात नावापुरतंही नाही. पण ते फार लवकर बिघडतं. क्रिकेटच्या बॅटला लावतात ते हेच, हवा लागली की वाळून कातडं धरणारं. (हार्डवेअरच्या दुकानातली बाटली खायची नसते, हे तुला सांगावं लागणार नाही, पण तुझ्या नवऱ्याला सांग.) म्हणून तेल नको, जवसच दे. चिमूटभर, त्या दिवशी भरडलेलं, भाजीवर भुरभुरलेलं.

सूर्यफूल एकदम तोडू नकोस. बियांवर वाढलेला पक्षी नवी वाटी बघून दोन दिवस उपाशी बसेल, पण हार मानणार नाही. सकाळी भूक असते तेव्हा भाजी पुढे ठेव, बिया संध्याकाळी मोजून. त्याच्यासमोर बसून तीच भाजी तू खा. हे ऐकायला वेडगळ वाटतं, पण कळपाचा पक्षी आहे, दुसरा खातो ते त्याला हवं असतं. मी बंडूसमोर तीन आठवडे अळणी भोपळा खाल्ला. मामीने त्या तीन आठवड्यांत मला भोपळ्याचं भरीत केलं नाही, दया म्हणून.

रोज थोडा वेळ त्याला बाल्कनीच्या कोवळ्या उन्हात ठेव, पिंजऱ्यातच, अर्धी सावली असेल असं. काचेतून आलेलं ऊन कामाचं नाही. ऊन कमी पडलं की ग्रेंच्या रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरतं आणि त्यांना झटके येतात. त्यावर कुठलंही तेल चालत नाही.

कागदांचं काय केलंस? २०१७ पासून रानातून पकडलेल्या ग्रेची आंतरराष्ट्रीय खरेदी-विक्री जवळपास बंद आहे, आणि आपल्याकडे २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा परदेशी पक्ष्यांची नोंद परिवेश पोर्टलवर करावी लागते. विक्रेत्याची पावती सांभाळून ठेव. आणि तुझ्या शेजारच्या काकू त्यांच्या हिरव्या पोपटाला कोणतं तेल द्यावं म्हणून विचारत होत्या ना, त्यांना म्हणावं, आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. प्रश्न तेलाचा नाही, वनखात्याचा आहे. गोड शब्दांत सांग, त्या तुला दिवाळीचा फराळ देतात.

तेलाऐवजी मी एक पार्सल पाठवतोय. त्यात सावलीत वाळवलेल्या शेवग्याच्या पाल्याची पिशवी, अर्धा किलो जवस, आणि दुकानातला छोटा ग्रॅमचा काटा. काटा मुद्दाम पाठवतोय. पोपट आजार लपवतो, शेवटच्या दिवसापर्यंत ताठ बसतो; वजन मात्र आधीच उतरायला लागलेलं असतं. राजाच्या वेळी दुकानात चार काटे होते आणि त्याला एकावरही कधी बसवलं नाही. रोज सकाळी, पहिली विष्ठा झाल्यावर, खाण्याआधी वजन घे आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिही. साडेचारशेचे चारशे पाच झाले तर संध्याकाळची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

पिंटू काट्यावर पहिल्या दिवशी बसणार नाही. बंडूने चार दिवस त्याच्याकडे पाठ केली. पाचव्या दिवशी मी काट्यावर जुनी काठी बांधली, लाल मिरचीचा तुकडा धरला, तर आला, बसला, आणि आकडा स्थिर व्हायच्या आत मिरची घेऊन उडाला. आता स्वतःहून येतो, पण मिरची आधी बघतो आणि मग पाय टाकतो.

पार्सल पोचलं की कळव. आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा