रिसीव्हर विकू नकोस

चि. सोनू,


बाबांचा होम थिएटर रिसीव्हर नव्या लॅपटॉपला जोडता येत नाही, म्हणून तो विकायचं तू ठरवलं आहेस, असं ताई फोनवर म्हणाली. तो विकू नकोस. त्यातला तो जड ट्रान्सफॉर्मर, ॲम्प्लिफायर आणि सोबतचे पाचही स्पीकर आजही उत्तम आहेत. त्या तोडीचं काही नवं घ्यायला गेलीस तर बरेच पैसे मोजावे लागतील.

हेडफोनच्या पिनमधून वायर काढून रिसीव्हरला लावली की आवाज येतो, पण दोनच चॅनलचा. शिवाय लॅपटॉपमध्ये आवाज आकड्यांच्या रूपात असतो, आणि त्या आकड्यांचा आवाज करण्याचं काम तेव्हा लॅपटॉपमधलं छोटंसं सर्किट करतं. ते काम रिसीव्हरकडेच राहू दे. लॅपटॉपने आकडे जसेच्या तसे पोचवायचे, एवढंच.

त्यासाठी रिसीव्हरच्या मागे ‘डिजिटल इन’ शोध. झाकण असलेलं चौकोनी भोक म्हणजे ऑप्टिकल. ही जोडणी तोशिबाने १९८३ मध्ये आणली; तिच्यात आवाज लाल प्रकाशातून जातो. नारिंगी गोल सॉकेट म्हणजे कोॲक्शियल, त्याला ७५ ओहमची वायर लागते. दोन्हींतून जाणारी भाषा एकच, सोनी आणि फिलिप्सने मिळून ठरवलेली एसपीडीआयएफ. मी ऑप्टिकल सुचवीन. त्यात धातूची तार नसल्यामुळे लॅपटॉपचा चार्जर आणि टीव्हीची केबल यांच्या अर्थिंगमुळे येणारी घरघर त्या वाटेने रिसीव्हरपर्यंत पोचत नाही. मात्र ती केबल करकचून मुडपू नकोस आणि पाच मीटरच्या आतलीच घे.

या वाटेची मर्यादा नीट समजून घे, म्हणजे पुढचा गोंधळ टळेल. दोन चॅनलचा साधा आवाज, १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झचा, सेकंदाला सुमारे १५ लाख बिट घेतो. सहा चॅनल (पाच स्पीकरचे आणि एक खर्जाचा, म्हणजेच ५.१) तसेच पाठवायचे तर ४६ लाख लागतील, आणि ते एसपीडीआयएफमधून जात नाहीत. म्हणून सहा चॅनल डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये आवळून पाठवतात. डीव्हीडीवरचा डॉल्बी डिजिटल सेकंदाला जास्तीत जास्त ४ लाख ४८ हजार बिटांचा असतो, तो सहज मावतो. ब्लू-रेवरचा डॉल्बी ट्रूएचडी मावत नाही. ओटीटीवरचा डॉल्बी डिजिटल प्लसही या वाटेने जात नाही. तेव्हा ओटीटीवरून बहुतेक वेळा दोनच चॅनल मिळतील. खरा फायदा डीव्हीडी आणि तशा ट्रॅकच्या सिनेमांना.

आता लॅपटॉपची बाजू. २०१६ पूर्वीच्या अनेक मॅकबुकमध्ये हेडफोनच्या भोकातच ऑप्टिकल दडलेलं असे. तुझ्या लॅपटॉपला ते नाही. तुला दोन पर्याय आहेत. एक, ऑप्टिकल आउट असलेलं यूएसबी साउंड कार्ड. पण काही कार्डं फक्त दोन चॅनल पाठवतात, डॉल्बी पुढे सोडत नाहीत, हे दुकानदाराला आधी विचार. दोन, एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर नावाची डबी. चित्र टीव्हीकडे जातं आणि आवाज ऑप्टिकलमधून रिसीव्हरकडे. सिनेमा तू टीव्हीवरच बघतेस, म्हणून मला ही जास्त पसंत आहे. तिच्यावर एक छोटं बटण असतं, ते ५.१ वर ठेव. ते ‘पास’वर राहिलं तर लॅपटॉपला टीव्हीचं मत कळतं, आणि कित्येक टीव्ही ‘मला दोनच चॅनल समजतात’ असं सांगतात. मग लॅपटॉप दोनच पाठवतो आणि लोक विनाकारण केबल बदलत बसतात.

विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ते डिजिटल आउटपुट निवड, आणि व्हीएलसीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये पासथ्रू, म्हणजे आवळलेला आवाज न उलगडता पुढे सोडणं, चालू कर. पासथ्रू चालू असताना लॅपटॉपचं व्हॉल्यूम चालत नाही. त्यात बिघाड नाही, आवाज रिसीव्हरच्या रिमोटनेच कमीजास्त करायचा. रिसीव्हरवर ते ऑप्टिकल इनपुट कोणत्या नावाला जोडलंय, डीव्हीडीला की सीडीला, तेही त्याच्या मेनूत बघ. अनेकदा सगळं बरोबर असूनही तिथेच अडतं.

आवाज आला की लगेच खूश होऊ नकोस. पाचही स्पीकर वाजताहेत म्हणजे सहा चॅनल आले असं नाही. प्रो लॉजिक हा मोड दोन चॅनलचा आवाजही पाचांत पसरवतो. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘डीटीएस’ उमटलं तरच काम झालं. गेममध्ये ते उमटणार नाही, कारण तिथला आवाज त्या क्षणी तयार होतो आणि डॉल्बी डिजिटल लाइव्हसारखी सोय असेल तरच आवळला जातो.

आणि गाणं ऐकताना मात्र रिसीव्हर ‘स्टिरिओ’वर ठेव. भीमसेनजींचा ख्याल पाच दिशांनी यायला नको. गवई समोर बसलेला असतो.

डबी घ्यायला तपकीर गल्लीत जाण्याआधी रिसीव्हरच्या मागच्या बाजूचा फोटो मला पाठव. एखादं एचडीएमआय दिसलं तर तेही सांग. काही जुन्या रिसीव्हरमध्ये त्यातून फक्त चित्र पुढे जातं, पण आवाज घेणारं असेल तर डबीचा खर्च वाचेल.

तुझा,
मामा