लाकूड घरासाठी, वायर स्टेजसाठी

अगं धाकटे, तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. बोनस आलाय, जुनी गिटार खोक्यासारखी वाजते आणि आता तुला ऑल-सॉलिड, वर पिकअप बसवलेली, ‘एकदाच काय ती चांगली’ अशी घ्यायची आहे. घे की. कमावतेस, वाजवतेस, कुणाला विचारायची गरज नाही. फक्त दुकानात शिरण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. तू एक वस्तू घेत नाहीयेस, दोन घेतेयस. एक लाकडाची, एक विजेची. दोन्हींची कामं वेगळी, आयुष्य वेगळं, आणि दुकानदार मात्र मिळून एकच आकडा सांगतो.

आधी लाकडाचं ऐक. गिटारचा आवाज मुख्यतः तिच्या वरच्या फळीतून, म्हणजे टॉपमधून येतो. तारा ब्रिजला हलवतात, ब्रिज टॉपला हलवतो आणि टॉप हवेला. नेहमीच्या लाइट सेटच्या सहा तारा मिळून सत्तरेक किलोची ओढ लावतात. ती सोसायची आणि तरीही हलकं राहून थरथरायचं, हे काम जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या फळीला करायचं असतं. म्हणून तिथे स्प्रूस किंवा सीडर वापरतात. वजनाला हलकं, पण रेषांच्या दिशेने चांगलं ताठ लाकूड. स्वस्त गिटारमध्ये त्या जागी पातळ पदर एकमेकांवर उभे-आडवे चिकटवलेले असतात. प्लायवुडच म्हण, किंवा लॅमिनेट. ते मजबूत असतं, पण हलायला आळशी. तुझ्या जुन्या गिटारचं हेच दुखणं आहे.

आता लेबलांतली गंमत बघ. ‘सॉलिड टॉप’ म्हणजे फक्त वरची फळी सलग लाकडाची. ‘ऑल-सॉलिड’ म्हणजे पाठ आणि बाजूसुद्धा. माहितीपत्रकात ‘सॉलिड स्प्रूस टॉप, रोझवुड बॅक अँड साइड्स’ असं लिहिलेलं असलं आणि रोझवुडच्या आधी सॉलिड शब्द नसला, तर तो छपाईत राहून गेला असं समजू नकोस. पाठ पदरांचीच आहे. ‘सिलेक्ट स्प्रूस’ असल्या गोड शब्दांनाही भुलू नकोस. मोठं नाव बघूनही निश्चिंत होऊ नकोस बरं. टेलरच्या शंभर आणि दोनशेच्या मालिकांत पाठ-बाजू पदरांच्या असतात, सलग लाकूड तीनशेपासून सुरू होतं. मार्टिनच्या एक्स मालिकेत तर दाबून बनवलेलं लॅमिनेट असतं. हे ते लपवत नाहीत, लिहितात. आपणच वाचत नाही.

डोळ्यांनी तपासायचं असेल तर साउंडहोलच्या कडेकडे बघ. लाकडाच्या रेषा वरून खाली जाडीतही तशाच उतरत असतील तर फळी सलग आहे. सँडविचसारखे थर दिसले तर नाही. पाठीसाठी बाहेरून एखादी ठळक रेघ किंवा गाठ हेर, मग मोबाइलचा टॉर्च लावून आतून त्याच जागी ती दिसते का बघ. दुकानदार जरा चकित होईल. होऊ दे.

पाठीला रोझवुड की महॉगनी यावर मात्र रात्र जागवू नकोस. व्हिडिओवाले त्यावर तासभर बोलतात, गडद काय नि उबदार काय. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा गिटारी मुद्दाम करवून घेतल्या. सगळं सारखं, फक्त पाठ-बाजूंचं लाकूड निराळं. ५२ वादकांना अंधूक उजेडात, डोळ्यांवर वेल्डरचे गॉगल चढवून त्या वाजवायला दिल्या. आवाजाला मिळालेल्या गुणांत लाकडागणिक फारसा फरक पडला नाही. महागड्या ब्राझिली रोझवुडलाही नाही. २०१८ साली हे छापून आलं. आणि ऑस्ट्रेलियातले ग्रेग स्मॉलमन, ज्यांच्या गिटारी जॉन विल्यम्स यांनी जगभर वाजवल्या, ते तर पाठ-बाजू मुद्दाम जाड लॅमिनेटच्या करतात. त्या नायलॉनच्या तारांच्या, शास्त्रीय गिटारी, हे खरं. पण पैसा टॉपवर घालायचा, पाठीवर नाही, हे मला त्यातून पटलं. बजेट ताणलं जात असेल तर चांगल्या सॉलिड टॉपची गिटार घे आणि ऑल-सॉलिडचा हट्ट सोड. कमीपणा अजिबात नाही.

बाकी भारतीय रोझवुड म्हणजे आपला शिसव. आजीच्या घरचा तो काळसर, चार माणसांनाही न उचलवणारा पलंग ज्याचा आहे ना, तोच. सह्याद्रीपासून दक्षिणेच्या जंगलांपर्यंत उगवतो. ब्राझीलने आपल्या रोझवुडचे ओंडके बाहेर पाठवणं बंद केल्यावर मार्टिन कंपनी १९६९ पासून आपल्या शिसवाकडे वळली, आणि बाकीच्यांनीही तोच रस्ता धरला. पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावात बनलेल्या मार्टिनच्या गिटारी आपल्याकडे ‘इम्पोर्टेड’ म्हणून मिरवतात, तेव्हा मला हसू येतं. २०१७ मध्ये या झाडाच्या जवळजवळ सगळ्या भाऊबंदांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले आणि गिटार घेऊन परदेशी जाणाऱ्यांनी धसका घेतला. २०१९ च्या नोव्हेंबरपासून शिसवाच्या तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. तेव्हा पुढेमागे तू मास्टर्सला बाहेर गेलीस तर शिसवी पाठ आड येणार नाही. ब्राझिली रोझवुडची जुनी गिटार असेल तर मात्र कागद लागतात, पण तो बोनस तुला अजून मिळालेला नाही.

आता खरी काळजीची गोष्ट. सलग लाकूड हवेतली ओल पितं आणि सोडतं. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता त्याला मानवते. आणि तुझं वर्ष कसं जातं? पुण्यात मार्च-एप्रिलची कोरडी फुफाटी हवा, ऑफिसातला एसी, मग गणपतीत रत्नागिरीला, जिथे पापडसुद्धा दुपारपर्यंत मऊ पडतात. ओल वाढली की टॉप फुगतो, ब्रिज वर उचलला जातो, तारा फ्रेटबोर्डापासून लांब जातात आणि बोटं दुखायला लागतात. हवा कोरडी पडली की उलट होतं. टॉप खाली बसतो, तारा खरखरतात, फ्रेटची टोकं कडेला बोटाला टोचतात. तरी दुर्लक्ष केलं तर रेषेच्या बाजूने तडा जातो. तडा दुरुस्त होतो, पण आधीच टाळणं कितीतरी स्वस्त.

म्हणून गिटारबरोबर हार्ड केस घेच, आणि केसमध्ये एक छोटा आर्द्रतामापक. काहीशे रुपयांत मिळतो. ओल शोषणारी आणि गरजेप्रमाणे सोडणारी दोन्ही कामांची पाकिटंही मिळतात, ती ठेव. पावसाळ्यात नुसती सिलिका जेलही चालेल, पण उन्हाळा लागला की ती काढायची, नाहीतर ती लाकडातलीही ओल ओढते. भिंतीवर टांगायची हौस असेल तर बाथरूमला लागून असलेली भिंत नको. आणि उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवून जेवायला जायचं नाही. गोंद सैल पडतो आणि ब्रिज सुटायला लागतो.

आता वायरीकडे. गिटारींमध्ये सर्रास असतो तो पिकअप ब्रिजवरच्या पांढऱ्या पट्टीखाली, सॅडलखाली बसवतात. त्यात पिझो असतो. दाब पडला की वीज देणारे स्फटिक. हा गुण पिएर आणि जाक क्युरी या भावांना १८८० मध्ये सापडला. गिटारमध्ये तो लोकप्रिय करण्यात ओव्हेशन कंपनीचा मोठा वाटा. तिचे संस्थापक चार्ल्स कामान मूळचे हेलिकॉप्टर बनवणारे, म्हणून त्यांच्या गिटारची पाठही फायबरची, वाडग्यासारखी गोल. तर हा पिझो ऐकतो काय? मुख्यतः तारेचा सॅडलवरचा दाब. टॉपने हवेत सोडलेला आवाज त्याच्यापर्यंत थोडाच पोचतो. चाळीतल्या भिंतीला कान लावून शेजारचं भांडण ऐकावं तसं, शब्द कळतात, खोली कळत नाही. जोरात स्ट्रम केलंस की जो प्लास्टिकी ‘क्वॅक’ येतो, तो त्याचाच.

म्हणजे बघ, ऑल-सॉलिड लाकडासाठी तू जे जास्तीचे पैसे मोजतेस, त्यातलं बरंचसं स्टेजवर त्या वायरीत अडकून राहतं. वर आणखी एक त्रास. चांगला टॉप सहज हलतो, म्हणून स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरच्या आवाजानेही हलतो आणि फीडबॅकची ‘हूऽऽ’ अशी ओरड सुरू होते. लॅमिनेटची आळशी गिटार तिथे शहाणी ठरते. साउंडहोलला रबरी झाकण लावून किंवा मिक्सरवर ती एक फ्रीक्वेन्सी खाली करून काम भागतं, पण बॅण्ड मोठा असला की भांडण चालूच राहतं.

माझं ऐकशील तर जुनी गिटार विकू नकोस. तिचे येऊन येऊन किती येणार? तिच्यातच बऱ्यापैकी पिकअप बसवून घे आणि कॅफेतल्या कार्यक्रमांना, पावसातल्या प्रवासाला तीच ने. नवी घे सलग लाकडाची, शक्यतो वायरींशिवाय, जी तू घरी वाजवशील, रेकॉर्डिंगला माइकसमोर वाजवशील. नंतर वाटलंच तर साउंडहोलमध्ये अडकवायचा, काढता येणारा पिकअप मिळतो.

तरीही एकाच गिटारमध्ये सगळं हवं असेल, तर बाजूला चौकोनी खड्डा पाडून प्रीॲम्प बसवलेली नको. दहा-पंधरा वर्षांनी ते सर्किट जुनं होईल, त्याच मापाचं दुसरं मिळेलच असं नाही, आणि तुझ्या सॉलिड बाजूला कायमचं भोक राहील. त्यापेक्षा साउंडहोलच्या आतल्या कडेला बोटाने फिरवायची छोटी चाकं असतात, ती बघ. ९ व्होल्टची बॅटरी कुठून बदलायची ते विचारून घे. जॅक खोचला की बॅटरी चालू होते, म्हणून वाजवून झालं की जॅक काढायचा. आवाज फाटायला लागला की आधी बॅटरी बदल, मग साउंडवाल्यावर चीड. पर्समध्ये एक जादाची असू दे.

दुकानात गेलीस की अनुभव येईल. गिटार तू मागितलीस तरी दुकानदार सोबतच्या मुलाकडे बघून बोलतात. शांतपणे स्टूल ओढायचं, बसायचं, ट्यून करायची आणि वाजवायचं. सगळ्या गिटारींवर तेच एक गाणं, आधी वायर न लावता. आणि ड्रेडनॉटच का घ्यायची, हेही विचार स्वतःला. ते मोठं अंग बगलेत धरून तुझा उजवा खांदा तासाभरात भरून येईल. ओएम किंवा कॉन्सर्ट आकाराची मांडीवर घेऊन बघ. कमरेशी निमुळती, हाताला सोपी, आणि बोटांनी वाजवायला तुला हवी तशी.

बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास असावी. त्याहून बरीच जास्त असेल तर ‘वाजवून वाजवून सवय होईल’ हे ऐकून घेऊ नकोस, सेटअप करून माग, बिल करायच्या आधी. सेकंडहँड बघत असशील तर ब्रिजच्या मागे कागद सरकवून बघ. आत शिरला तर ब्रिज सुटायला लागलाय, किंमत पाडून माग किंवा सरळ पुढच्या गिटारकडे वळ.

शनिवारी जाणार असशील तर सकाळीच जा. संध्याकाळी तिथे चार मुलं एकाच वेळी ॲम्प लावून बसलेली असतात, आणि तुला टॉपचा आवाज ऐकायचाय.