चैत्रातील परसबाग

फाल्गुन सरून चैत्र लागला की कडुनिंबास नवी पालवी फुटते, मोगऱ्यावर कळ्या दिसू लागतात आणि नवी रोपे लावण्याचा मोह होतो. परंतु वाचकहो, देशावर हाच काळ विहिरी आटण्याचा होय. गतवर्षी ह्या मोहाने मी झेंडूची वीस रोपे लाविली. वैशाखात विहिरीने तळ गाठला. पिण्याच्या घागरीतील पाणी झाडांस घालवेना, आणि एकही रोप वाचले नाही.

तेव्हापासून मी हा नियम पाळितो: चैत्रात आहे ते राखावे, नवे थोडकेच लावावे. मोगऱ्याच्या आळ्यात पालापाचोळ्याचा चार बोटे थर द्यावा. त्याने ओल लवकर उडून जात नाही. पाणी सूर्यास्तानंतर घालावे. पुदिन्याची मुळे फुटलेली कांडी सावलीत लावून तिला तांदूळ व भाजी धुतलेले पाणी द्यावे. कोरफडीस फारसे पाणी लागत नाही. झेंडू व सब्जा ह्यांचे बी मात्र कोरडे जपून ठेवावे आणि मृगाचा पाऊस झाल्यावर पेरावे.

ह्या आठवड्यात प्रत्येकाने घरी उरणाऱ्या पाण्याच्या घागरी मोजाव्यात, आणि त्यांवर जगतील तितकीच झाडे ठेवावीत.