माळवद गळतंय, कोबा करू का?

प्रश्न : आमच्या जुन्या घराचे माळवद पावसात गळते. गवंडी वरून सिमेंटचा कोबा करा म्हणतो. करू का?
– एक भगिनी, ता. पाथर्डी

उत्तर : ताई, कोबा नकोच, तुमचे माळवद मातीनेच नीट होईल. लाकूड-माती ऋतूप्रमाणे हलते, कोब्याला भेगा पडतात. त्यातून मुरलेले पाणी वाळत नाही आणि खालचे लाकूड कुजते. आधी पन्हाळी मोकळी करा, बऱ्याचदा गळती तिथलीच असते. मृगाआधी गवत मुळासकट काढा, सैल माती उतरवा, मग पांढरी माती पसरून चोपून घ्या. उतार पन्हाळीकडेच हवा. दरवर्षी नुसते थर चढवू नका, तुळयांवर ओझे वाढते. तुळई वाकली असेल किंवा टोचल्यावर भुगा पडत असेल, तर सुताराला दाखवल्याशिवाय वर कुणालाही चढू देऊ नका.