बेल्ट परत का जात नाही?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी विभागाच्या संपादकांनी "तू पण एक लेख दे" म्हटल्यावर आधी घामच फुटला. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. विषय मात्र आम्हा मेकॅनिकलवाल्यांचा आहे, आणि आमच्या घरी तो जवळजवळ महागात पडला होता.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. बाबांची गाडी सेकंडहँड, चौदा वर्षांची. तिचे पुढचे दोन्ही सीट बेल्ट अगदी आळशी झाले होते. बकल सोडलं की बेल्ट सर्रकन वर जायला हवा ना, आमचा मांडीवर लोळत पडायचा. दार लावताना हमखास फटीत अडकायचा. लावला तरी छातीवर ढिलाच. बाबांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट "काचत नाही, बरंय," म्हणायचे. आजीला तर तेवढाही टोचायचा, म्हणून आईने खांद्याजवळच्या कडीपाशी बेल्टला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून दिला होता. त्यामुळे बेल्ट आजीच्या छातीपासून चांगला अर्धी वीत लांब राहायचा.

मागच्या पावसाळ्यात आजीला घाटकोपरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होतो. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर, विक्रोळीच्या आसपास, एक बाईकवाला अचानक आडवा आला. बाबांनी कचकन ब्रेक मारला. कोणाला लागलं नाही, पण आजी पुढे गेली ती थेट डॅशबोर्डला हात टेकेपर्यंत, आणि तिचा चष्मा पायाशी पडून फुटला. ती मागे वळून मला म्हणाली, "अगं, पट्टा लावला होता की मी!"

मला उत्तर देता आलं नाही. थर्ड इयर मेकॅनिकल, आणि रोज हात लागतो ती वस्तू चालते कशी हेच माहीत नाही!

तर आधी ते सांगते. पुढच्या दारामागे जो खांब असतो (बी-पिलर) त्याच्या आत खाली रिट्रॅक्टर बसवलेला असतो. त्यात एक रीळ, रिळावर गुंडाळलेला पॉलिएस्टरचा पट्टा, आणि बाजूला चावीच्या घड्याळात असते तशी गुंडाळीची स्प्रिंग. बेल्ट ओढला की स्प्रिंग आवळली जाते, सोडला की ती रीळ उलट फिरवते. रिळाला दातेरी चाक असतं. जवळच एका वाटीत स्टीलची छोटी गोळी ठेवलेली असते. गाडी जोरात थांबली की गोळी वाटीच्या काठावर चढते, तिच्यामुळे खटका वर उचलला जातो आणि दात्यांत अडकतो. बेल्ट झटक्याने ओढला तरी लॉक होतो, त्याची यंत्रणा वेगळी. म्हणून हिसका दिल्यावर बेल्ट अडकला तर तो बिघाड नाही, ते त्याचं कामच आहे. घाटात तिरक्या उभ्या गाडीतही गोळी घरंगळून बेल्ट अडकू शकतो. अशा वेळी थोडा आत जाऊ द्यायचा आणि मग हळू ओढायचा.

आता मुख्य गोष्ट. ही स्प्रिंग मुद्दामच नाजूक ठेवलेली असते. जोरदार ठेवली तर बेल्ट दिवसभर छातीवर दाबत राहील आणि कोणी लावणारच नाही. त्यामुळे वाटेत थोडंसं घर्षण वाढलं तरी ती हरते. आणि घर्षण वाढतं ते वरच्या कडीत, जिथून बेल्ट वळून खाली येतो. पुली आणि पट्ट्याचं गणित आठवतंय? दोन बाजूंच्या ताणांचं गुणोत्तर, घर्षण गुणांक गुणिले वळणाचा कोन, याच्या घातांकाने वाढतं. समजा कडीवर बेल्ट दीडशे अंशात वळतो. गुणांक ०.२ असेल तर स्प्रिंगला बेल्टच्या वजनाच्या जवळपास १.७ पट ओढावं लागतं. मळाने तोच गुणांक ०.५ झाला तर ३.७ पट. परीक्षेत हे गणित मी पाठ करून सोडवलं होतं, ते आमच्याच गाडीत खांद्यापाशी बसलंय हे कुठे माहीत होतं!

बाबांनी त्यावर आधीच एक उपाय केला होता. शिलाई मशीनचं तेल कडीत सोडलं होतं. दोन दिवस बेल्ट छान पळाला, मग तेलाला धूळ चिकटून काळी पेस्ट झाली आणि पहिल्यापेक्षा वाईट अवस्था झाली. आता इंजिनिअर कन्येची पाळी. मी प्लास्टिकचं कव्हर काढून रिट्रॅक्टर खोलायचं ठरवलं. स्क्रूड्रायव्हर हातात घेतलाच होता, तेवढ्यात बाबांनी भांडुपच्या मेकॅनिक काकांना फोन लावला. ते ओरडलेच, "ताई, त्या झाकणाला हात लावू नका! आतली स्प्रिंग उसळली तर बोटं फाडेल, आणि परत बसवता तर येणारच नाही." हल्लीच्या बहुतेक गाड्यांत पुढच्या बेल्टला प्रीटेन्शनरही असतो. त्यात छोटा स्फोटक असतो, अपघाताच्या क्षणी तो बेल्ट खेचून घट्ट करतो. त्याच्या वायरचं कनेक्टर बहुधा पिवळं असतं. पिवळं दिसलं की आपण हात मागे घ्यायचा, ते काम वर्कशॉपचं. अपघातात तो एकदा उडाला की तो बेल्ट संपला, पूर्ण नवा सेट घालावा लागतो.

रविवारी काका आले. त्यांनी बेल्ट पूर्ण बाहेर ओढला आणि परत आत जाऊ नये म्हणून खालच्या बाजूला काय लावलं असेल? आजीचाच चिमटा! मग कोमट पाण्यात साधा सौम्य साबण घालून मऊ ब्रशने दोन्ही बाजू लांबीच्या दिशेने घासल्या. पाणी अक्षरशः चहाच्या रंगाचं निघालं. घाम, पावडर, आजीचं खोबरेल, सगळं त्यात. पाणी रिट्रॅक्टरमध्ये जाऊ द्यायचं नाही. ब्लीच आणि पेट्रोल तर अजिबात नाही, त्यांनी धागे कमजोर होतात. मग कडीतून ओला फडका आरपार घालून बूट पुसतात तसा मागे-पुढे केला. आत काळा कडक थर बसला होता, तो निघेपर्यंत पाच-सात फडके गेले. तेल, ग्रीस काहीही लावायचं नाही. शेवटी वाळवणं. पावसाळी हवेत दोन दिवस लागले. ओला बेल्ट आत गेला तर बुरशी धरते, म्हणून तो दाराबाहेर लोंबत ठेवला होता आणि सोसायटीतल्या प्रत्येकाने थांबून विचारलं, "गाडी विकताय का?"

बाबांच्या बाजूचा बेल्ट नव्यासारखा झाला. आजीच्या बाजूचा नाही झाला. तो कडीत दुमडून घासत होता, कडेचे धागे सुटले होते. काका म्हणाले, धागा सुटला की धुवायचं नाही, बदलायचं. रिट्रॅक्टरसकट नवा बसवला. बाबांनी बिल माझ्यासमोर ठेवून "तुझ्या कॉलेजची फी बरी," असा शेरा मारला.

अर्धी वीत ढिला असला तर एवढं काय बिघडतं, असं बाबा अजून म्हणत होते. म्हणून मी वहीत मांडून दाखवलं. गाडी ताशी ५० किलोमीटरने भिंतीवर आदळली आणि पुढचा भाग चेपत ६० सेंटीमीटरमध्ये थांबली असं धरा. म्हणजे मंदन सुमारे १६ जी. छाती आणि बेल्टमध्ये १० सेंटीमीटर पोकळी असेल तर गाडी थांबत असताना माणूस तेवढं अंतर मोकळाच पुढे जातो. बेल्टला भिडतो तेव्हा गाडीच्या तुलनेत त्याचा वेग असतो ताशी वीस किलोमीटर. म्हणजे साडेपाच फुटांवरून बेल्टवर पडल्यासारखं. बाबा काही बोलले नाहीत, पण चिमट्याचा विषय तिथे संपला.

तीन बिंदूंवर बांधणारा हा बेल्ट व्होल्वोच्या निल्स बोलिन या इंजिनिअरने १९५९ मध्ये आणला. त्याआधी तो विमानातल्या इजेक्शन सीटवर काम करायचा. कंपनीने पेटंट इतरांसाठी खुलं ठेवलं, म्हणूनच तो आज आपल्या गाडीत आहे. आपल्याकडे मागच्या सीटच्या बेल्टची आठवण सगळ्यांना झाली ती ४ सप्टेंबर २०२२ ला. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. दोघं मागे बसले होते आणि त्यांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. बोरिवली-दहिसरवाल्यांचा तो नेहमीचा रस्ता. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनी सगळ्याच प्रवाशांना बेल्ट सक्तीचा केला. तरी टॅक्सीत मागे बसून बकल शोधून बघा, बहुतेक वेळा ते सीट कव्हरच्या खाली गाडलेलं सापडतं.

हे सगळं झाल्यावर मी आपल्या स्टाफ पार्किंगमध्ये परवानगी घेऊन नऊ गाड्यांचे बेल्ट ओढून पाहिले. चारांचे अर्ध्यावर थांबत होते. सरांची नावं छापत नाही, इंटर्नल्स बाकी आहेत. ज्यांना करून बघायचंय त्यांनी बेल्ट पूर्ण ओढून हातातून हळू सोडावा, कुठे रेंगाळतो ते बघावं आणि कडीच्या आतून बोट फिरवावं. बोट काळं झालं तर शनिवारी बादली घेऊन मला हाक मारा.

आजीची तक्रार मात्र चालूच होती, नवा बेल्ट मानेला लागतो म्हणून. खांबावरची कडी खालीवर सरकते हे आम्हाला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. दोन खाचा खाली घेतली. आता पट्टा खांद्याच्या मधोमध बसतो, आणि चिमटा परत गॅलरीतल्या दोरीवर गेलाय.