केंद्रातला संगणक आणि फुकटच्या सोयी

चि. वैभव यास,


तुझं पत्र मिळालं. तहसील कचेरीसमोर गाळा मिळाला आणि सेवा केंद्र सुरू झालं, याचा आनंद आहे. पण पत्राच्या शेवटी तू सहज म्हणून जे लिहिलंस, त्यामुळे आजच उत्तराला बसलो. ब्राउझर उघडला की गुगलऐवजी भलतंच पान येतं, कोपऱ्यात जाहिराती उगवतात, आणि वर तुझा प्रश्न, 'सर, कोणता अँटिव्हायरस टाकू?'

अँटिव्हायरसचं पुढे बघू. आधी हे पान आलं कुठून ते शोध. पीडीएफ जोडायला, फोटोचे केबी कमी करायला किंवा व्हिडिओ उतरवून घ्यायला म्हणून तू किंवा तुझ्या पोराने फुकटचं काहीतरी घेतलं असणार, आणि 'नेक्स्ट, नेक्स्ट' करताना त्याच्यासोबत हेही आत आलं असणार. पाळत ठेवणारी सॉफ्टवेअर बहुतेकदा अशीच येतात, आपणच 'होय' म्हटल्यामुळे.

सगळ्यात आधी ब्राउझरमधली एक्स्टेन्शनं बघ. क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून 'एक्स्टेन्शन्स'मध्ये गेलास की यादी मिळेल. एकेकाच्या तपशिलात जाऊन परवानगी वाच. 'सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे' असं तिथे लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ शब्दशः घे. तुझ्याकडे बसून कोणी भविष्यनिर्वाह निधीचं खातं उघडलं, कोणा मुलीने शिष्यवृत्तीच्या अर्जात बापाचं उत्पन्न भरलं, तर ते त्या एक्स्टेन्शनला दिसतं. पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की निर्धास्त राहा, असं लोक सांगतात. कुलूप वाटेवरच्या चोरापासून वाचवतं. एक्स्टेन्शन वाटेवर नसतंच, ते उघडलेल्या पानातच बसलेलं असतं.

२०१९ च्या जुलैमध्ये सॅम जदाली नावाच्या संशोधकाने अशी आठ एक्स्टेन्शनं उघडकीला आणली. चाळीस लाखांच्या आसपास लोकांनी ती घेतली होती. काम साधंच, म्हणजे चित्र मोठं करून दाखवणं वगैरे. पण माणूस ज्या ज्या पानावर जाई, त्याचा पूर्ण पत्ता ती बाहेर पाठवत होती, आणि तो माल पैसे देणाऱ्याला बघायला मिळत होता. नुसत्या पत्त्यांनी काय बिघडतं, असं तुला वाटेल. पासवर्डशिवाय उघडणारी लिंक असेल, तर ती ज्याच्या हाती पडली त्याच्या हाती कागदच पडला. करविवरणं, रुग्णांची माहिती, प्रवासाची तिकिटं अशीच उघडी पडली. तूही गिऱ्हाइकांच्या कागदांच्या लिंका दिवसभर उघडतोस, म्हणून हे सविस्तर लिहिलं.

आणि आज चांगलं असलेलं एक्स्टेन्शन उद्या चांगलं राहीलच असं नाही. 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं एक होतं. न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवायचं, वीस लाखांहून जास्त लोक ते वापरत. २०२० मध्ये मूळ कर्त्याने ते दुसऱ्याला विकलं आणि २०२१ च्या फेब्रुवारीत घातक म्हणून गुगलला ते काढून टाकावं लागलं. दुकान विकलं तरी पाटी तीच राहावी, तसं झालं. वापरणाऱ्यांना पत्ताही नव्हता. म्हणून माझं मत कडक आहे. केंद्राच्या संगणकावर एकही एक्स्टेन्शन नको. पीडीएफ जोडायचं काम त्यांच्याशिवायही होतं.

आता अँटिव्हायरस. 'फुकटचा चांगला कोणता?' हे तू विचारायच्या आत सांगतो. २०२० च्या जानेवारीत पत्रकारांनी बाहेर काढलं, की अव्हास्ट ही अँटिव्हायरस बनवणारी कंपनीच जम्पशॉट या आपल्या उपकंपनीमार्फत ग्राहकांच्या ब्राउझिंगच्या नोंदी विकत होती. उपकंपनी बंद झाली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. राखणदारच असा निघाला, तर बाकीच्यांचं काय सांगावं! विंडोजमध्ये डिफेंडर आधीपासून असतो. तो चालू ठेव, अपडेट होऊ दे. तुझ्या कामाला पुरेसा आहे.

पण तो चालू आहे ना, हे आधी बघ. बाजारात जुना संगणक घेतला की विंडोज बहुधा 'क्रॅक' करूनच मिळतं, आणि तो क्रॅक चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. जे सॉफ्टवेअर पहारा उठवल्याशिवाय आत येत नाही, त्याच्याबद्दल मी वेगळं काय सांगू? फोटोशॉपचंही तेच. विकत घेणं परवडत नसेल तर अधिकृतपणे फुकट मिळणारं गिंप वापर. विंडोज १० असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबलेत, हेही ध्यानात ठेव.

ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवायची सवय मोड. 'रेडलाइन' नावाचं चोर सॉफ्टवेअर अशाच साठवलेल्या पासवर्डांवर आणि कुकीजवर जगत होतं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये डच पोलिसांनी इतर देशांच्या मदतीने त्याचे सर्व्हर बंद पाडले, पण त्या जातीची बाकीची आहेतच. यातल्या कुकीजची, म्हणजे लॉगिन झाल्याच्या खुणांची, चोरी जास्त वाईट. लॉगिन चालू असताना कुकी चोरीला गेली, तर चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. म्हणून गिऱ्हाईक उठायच्या आत लॉगआउट झालंच पाहिजे, मागे रांग कितीही असो.

गिऱ्हाइकाचं काम क्रोमच्या अतिथी विंडोत कर. तिथे तुझी एक्स्टेन्शनं चालत नाहीत, आणि विंडो बंद केली की नोंदी आणि कुकीज पुसल्या जातात. डाउनलोड झालेल्या फायली मात्र तशाच राहतात. आधार, पॅन, सातबारा, सगळं त्या फोल्डरमध्ये साठत जातं, ते रोज संध्याकाळी रिकामं कर. कीबोर्डची बटणं टिपणारं काही विंडोजमध्येच शिरलेलं असेल, तर अतिथी विंडोचाही उपयोग नाही. त्यासाठी रोजच्या कामाला ॲडमिनिस्ट्रेटर नसलेलं साधं खातं वापर, आणि त्याचा पासवर्ड पोराला सांगितलास तरी ॲडमिनचा सांगू नकोस.

तुझ्या संगणकाचं म्हणशील तर एक्स्टेन्शनं काढ, मग कंट्रोल पॅनेलमधून अनोळखी प्रोग्रॅम काढ, मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालव. एवढं करूनही ते पान परत आलं, किंवा तुझ्या खासगी संगणकावर 'तुमचा ब्राउझर तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित केला जातो' असं दिसलं, तर झटापट करत बसू नकोस. कागदपत्रं बाजूला काढ आणि संगणक फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाक, या वेळी अस्सल. खर्च होईल. तो धंद्याचा खर्च समज.

आणखी एक काम आहे, तेच तुला जड जाईल. हे पान दिसायला लागल्यापासून ज्यांनी तुझ्याकडे बसून बँकेचे किंवा पीएफचे पासवर्ड टाकले, त्यांना फोन कर आणि आपापल्या मोबाइलवरून पासवर्ड बदलायला सांग. कोणाच्या खात्यातून पैसे गेले असतील, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला लाव. गिऱ्हाईक तुटेल अशी भीती वाटेल. तरी फॉरमॅट करायच्या आधी हे फोन कर.

घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझे सर