पाणी व हवा : उष्णतेचे मंद वाहक

परीक्षानळीत बर्फाचा खडा घालून तो जाळीच्या तुकड्याने तळाशी दाबून ठेवा व नळी पाण्याने भरा. मग ती तिरपी धरून वरचा भाग दिव्यावर तापवा. वर पाणी उकळू लागेल, तरी तळचा बर्फ बराच वेळ टिकेल! पाणी उष्णतेचे मंद वाहक आहे, हे यावरून सिद्ध होते. चुलीवरचे पाणी लवकर तापते, ते मुख्यतः अभिसरणामुळे. तळचे पाणी तापून हलके होते व वर चढते, आणि थंड पाणी खाली येते.

तांब्याची वाहकता पाण्याच्या सुमारे ६५० पट, तर पाण्याची हवेच्या सुमारे २३ पट आहे. मात्र मोकळी हवाही अभिसरणाने उष्णता नेते. कोंडलेली हवाच ती अडविते. घोंगडी स्वतः ऊब निर्माण करीत नाही. तिच्या लोकरीत कोंडलेली हवा देहाची उष्णता राखते. म्हणून जाड पांघरूण नसेल त्याने दोन पातळ चादरी एकावर एक घ्याव्या. मधली हवा फुकट मिळते. परंतु वस्त्र भिजले की हवेची जागा पाणी घेते, व ते वाळतानाही देहाची उष्णता हरण करिते. यास्तव पावसात भिजून आलेल्या सोबत्यास प्रथम कोरडे वस्त्र द्यावे.